साडूंची तीन मिनिटं

पनवेल तालुक्यातल्या माणसांची मी शिरगणती केलेली नाही. तरीही बेधडक सांगतो, की ‘चहा घेणार का?’ या प्रश्नाचा आमच्या साडूंइतका खोल विचार करणारा दुसरा माणूस तालुक्यात नाही. साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचे यजमान. आम्ही सुकापूरला, ते नवीन पनवेलला. ते आमच्याकडे आले की त्यांना चहा विचारावा, मग महापालिका, गुडघे, सोसायटीची लिफ्ट असे सगळे विषय होऊन जावेत, मेव्हणीबाईंनी पायात चपला सरकवाव्यात आणि तेव्हा साडूंनी म्हणावं, ‘‘हो, अर्धा कप चालेल.’’

याच्या मुळाशी बुद्धिबळ आहे. साडू स्वतः बेताचेच खेळतात, पण त्यांचा सिद्धांत भक्कम आहे. भारतीय माणूस क्लासिकलचा, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या डावाचा राजा. रॅपिड आणि ब्लिट्झ ही घाईगर्दीची कामं आपल्या रक्तातच नाहीत. ‘‘आपली पोरं जगाला हरवतात ती बसून, पळत नव्हे,’’ असं ते अशा थाटात सांगतात, की शेजारच्या खुर्चीत जणू तेच बसले होते. मी आकडे तपासल्याशिवाय मान डोलावत नाही. म्हटलं, ‘‘अहो, रॅपिडचं जगज्जेतेपदसुद्धा आपल्याकडे आलंय, आणि तेही एकदाच नव्हे.’’ त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढच्या रविवारी फोन आला, ‘‘ते अपवाद.’’ मी विचारलं, ‘‘किती अपवाद जमले म्हणजे सिद्धांत बदलायचा?’’ त्याचं उत्तर अजून यायचंय.

हा सिद्धांत पटावर राहिला असता तर कुणाची हरकत नव्हती. पण साडू भाजीही क्लासिकल पद्धतीने घेतात. प्रत्येक भेंडी उचलून तिचे पुढचे परिणाम पाहतात. गव्हाणहून भाजी आणणारी बाई एकदा वैतागून म्हणाली, ‘‘काका, भेंडी हाय ही, जावई नाय. घ्या, नायतर सरका.’’ कर्नाळ्याला पक्षी बघायला पहाटे निघायचं ठरलं, तर दुर्बीण गळ्यात अडकवावी की पिशवीत ठेवावी यावर ऊन डोक्यावर आलं. अभयारण्यात पोचलो तेव्हा आमच्या स्वागताला फक्त माकडं हजर होती. ‘‘माकडंही नीट निरखली, तर...’’ साडूंनी सुरुवात केली. ‘‘अहो, चला!’’ मेव्हणीबाई म्हणाल्या. त्या घरातलं घड्याळ त्याच आहेत.

अशा माणसाच्या पोटी सायली जन्मावी, ही निसर्गाने केलेली थट्टा. एकुलती एक लेक. मोहरे कसे चालतात ते साडूंनीच शिकवलं, पण पोरगी खेळते ब्लिट्झ: प्रत्येकी तीन मिनिटं, फटाफट चाली, डाव खलास. ‘‘बाबा विचार करत नाहीत हो काका, नुसता उशीर करतात,’’ असं तिचं स्वच्छ मत.

गेल्या वर्षी तिला बंगळुरूला नोकरी मिळाली. साडूंचा विचार चालू होता, तो चालूच राहिला आणि कंपनीला कळवायचा शेवटचा दिवस उजाडला. मेव्हणीबाईंनी आम्हा नवरा-बायकोला बोलावून घेतलं. सायलीने जेवणाच्या टेबलावर बुद्धिबळाचं जुनं घड्याळ आणून ठेवलं. दोन तबकड्या, दोन खटके, वेळ संपली की पडणारा लाल झेंडा.

‘‘बाबा, काम माझ्या आवडीचं आहे, राहायची सोय झालीय, मला जायचंय. पण तुम्ही नाही म्हणालात तर नाही जाणार. तुमची चाल. तीन मिनिटं.’’ तिनं खटका दाबला.

‘‘सायली, हा क्लासिकलचा प्रश्न आहे.’’

‘‘असेल. वेळ ब्लिट्झचा आहे.’’

नुसती टिकटिक. साडूंनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. ते लेकीकडे पाहत होते. वेळ संपत आली, काट्याने झेंडा उचलायला सुरुवात केली. मेव्हणीबाईंच्या तोंडाला पदर गेला.

‘‘जा,’’ साडू म्हणाले आणि खटका दाबला. ‘‘पण तिकडे भाजी नीट बघून घेत जा.’’

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तर साडू मोबाईलवर चक्क ब्लिट्झ खेळत होते. सायलीशी.

‘‘आणि सिद्धांत?’’ मी विचारलं.

‘‘क्लासिकलला तिला वेळ कुठाय? तीन मिनिटं तर तीन मिनिटं.’’

मी पटावर नजर टाकली. तिचा राजा कोपऱ्यात अडकलेला. माझ्यासारख्या कच्च्या खेळाडूलाही दिसावं, इतकं उघड होतं. ‘‘अहो, हत्ती पुढे न्या, मात आहे!’’

‘‘दिसतंय मला.’’

‘‘मग?’’

‘‘थांबा हो. अजून पन्नास सेकंद आहेत.’’

सायलीच्या नावाशेजारी ती ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका होता. हत्तीवर बोट तसंच तरंगत ठेवून साडू त्या ठिपक्याकडे बघत बसले. वेळ संपली. डाव हरले. खाली तिचा निरोप उमटला, ‘बाबा, परत वेळ संपवून हरलात! मैत्रिणी थांबल्यात, पळते.’ ठिपका विझला.

‘‘चहा टाकू?’’ मेव्हणीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

‘‘टाक,’’ साडू म्हणाले. इतक्या लगेच, की त्या हातातलं पातेलं घेऊनच बाहेर बघायला आल्या.