तेल न लावलेले केस

वायरकाका माणसाकडे बघायचे ते आधी त्याच्या केसांकडे. नाव-गाव सगळं नंतर. शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात ते मेंदूचा आलेख काढायचे. डोक्याला वीसेक वायरी चिकटवायच्या आणि पडद्यावर सरकणाऱ्या रेघा बघत बसायचं, हे त्यांचं काम. तेलकट केसांवर वायर चिकटत नाही. पण आमच्याकडे पोरीला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे आधी चपचपीत तेल लावून दोन वेण्या घालायच्याच. चिठ्ठीवर बजावलेलं असूनही आईने मला येवल्याहून तशीच आणली होती.

"ताई, चिठ्ठी वाचली नाही का?"

"वाचली ना. पण झिपऱ्या सोडून पोर डॉक्टरापुढं न्यायची व्हय?"

काकांनी खणातून शाम्पूची पुडी काढली आणि आईसमोरच बेसिनवर माझं डोकं धुतलं. मी चौदा वर्षांची होते आणि अंगाला हात लावणाऱ्याला चावायची. त्यांना चावले नाही. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी वाईटच होते, उगाच सारवासारव कशाला करू? भावाचं डोकं फोडलं होतं, वडिलांच्या मागावरची अर्धी पैठणी कात्रीने कापली होती. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि मी शांत झाले. घरात सगळे खूश. मी मात्र वडिलांच्या पैठण्यांच्या पदरासाठी कागदावर मोर काढायची, तो काही केल्या येईना. कागदापुढे तासभर बसायची आणि उठायची.

दुसऱ्या वेळी आलेख काढताना काका म्हणाले, "रेघा संथ झाल्यात."

"म्हंजे बरी झाली ना?" आईने विचारलं.

"मला रेघा दिसतात ताई, पोर दिसत नाही. तिलाच विचारा."

तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "डोक्यात चिखल झालाय." ते म्हणाले, हे आत जाऊन डॉक्टरांना सांग. मी सांगितलं नाही. घरी जाऊन गोळ्या जिभेखाली धरायला आणि मोरीत थुंकायला लागले. मोर परत आला. त्याच्या मागोमाग रागही आला.

तिसऱ्या वेळी वडील मला घेऊन आले. काकांनी माझे कोरडे केस पाहिले आणि पुडी खणातच ठेवली.

"आज तेल नाही? आई कुठाय?"

"हात मोडलाय तिचा. मीच ढकललं. गोळ्या थुंकते मी."

ते रागावले नाहीत. वायरी चिकटवता चिकटवता हळू आवाजात बोलले. "माझा पोरगा असाच होता. गोळ्यांनी मंद झालाय, असं मला वाटलं. रोज रेघा बघणारा माणूस मी! डॉक्टरांना न विचारता बंद केल्या. चार महिन्यांनी माझ्याशी भांडून घरातून गेला, तो अजून आलेला नाही."

"मग मी काय करू? गोळी घेतली तर मोर जातो, नाय घेतली तर आईला मारते."

"थुंकू नकोस. बोल. गोळी बदलता येते, कमी करता येते. पण तू बोलल्याशिवाय त्यांना कळणार कसं? मी तरी कुठं विचारलं होतं पोराला?"

त्या दिवशी डॉक्टरांपुढे मी पहिल्यांदा तोंड उघडलं. पुढची दोन वर्षं गोळ्या बदलण्यात, प्रमाण कमी-जास्त करण्यात गेली. मोर परत आला. पूर्वीसारखा भरदार नाही, पण माझाच. आईचा हात मात्र अजून पुरता वळत नाही.

पुढच्या आलेखाच्या वेळी तो मोर काकांना दाखवायला मी कागदाची गुंडाळी घेऊन गेले, तर खुर्चीत दुसराच माणूस. "ते वारले. मुलगा सापडलाच नाही, पुतण्याने अग्नी दिला," तो म्हणाला आणि लगेच कामाला लागला. "केस धुतलेत ना? डोळे मिटा."

मी डोळे मिटले. थोड्या वेळाने तो वैतागून म्हणाला, "ताई, रडू नका. रेघा बिघडतात."

तो आलेख माझ्या फायलीत आहे. मध्येच दोन पानं रेघा नुसत्या थरथरल्यात. डॉक्टरांनी बाजूला लिहिलंय, 'हालचालीमुळे बिघाड, दुर्लक्ष करावे.'