शिफॉनला साबुदाण्याची खळ

न्यू जर्सीत जन्मलेल्या माझ्या लेकीने अठरा वर्षांत माझ्या साड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. शाळा संपतानाच्या प्रॉमच्या नाचाला आठवडा उरला असताना तीच येऊन म्हणाली, "आई, तुझ्या त्या मोरपंखी शिफॉनचा ड्रेस शिवशील? प्लीज?" मी इतकी हरखले की परकर आणि उशीचे अभ्रे सोडून आपण काही शिवलेलं नाही, हे सांगायचंच राहून गेलं. साडी एकच. ती बिघडली तर ही परत माझ्याकडे काही मागणार नाही.

शिफॉन जमिनीवर पसरलं. इकडून सरळ केलं की तिकडून पळे. फोनवर लावलेल्या शिवणाच्या व्हिडिओतली बाई सांगत होती, स्टार्चचा स्प्रे मारा. स्प्रे कशाला, आम्ही काय खळ पाहिली नाही? साबुदाणा शिजवला, गाळला आणि इथल्या पार्सिपनी गावातल्या आमच्या किचनमध्ये साडीला दणदणीत खळ दिली. वाळल्यावर तिचा पापड झाला.

पण कापड असं गुमान वागलं म्हणून सांगू! मशीनला बारीक नवी सुई, टाचण्या फक्त कडेला, खाली पातळ कागद. शिवून झालं की तो अलगद फाडून काढायचा. मी गाणी म्हणत शिवत होते. नवरा म्हणाला, "नोकरीच सोड तू, यार."

लेक ड्रेस घालून आली. ती वळली, घेर वळला नाही. ती बसली, घेर उभाच. "आई, इट्स अ टेंट," ती म्हणाली. मी हसत सुटले आणि हसता हसता रडकुंडीला आले. प्रॉम दुसऱ्याच दिवशी होता.

खळ काढायला टबात कोमट पाणी सोडून त्यात ड्रेस बुडवला आणि दोघी गुडघ्यांवर बसलो. चोळावं तर शिवण उसवणार, म्हणून नुसतं हलवत राहायचं. बुळबुळीत पाणी सहा वेळा बदललं. सातव्यांदा शिफॉन तिच्या हातातून सुळकन निसटलं, तेव्हा आम्ही दोघी ओल्याचिंब होऊन खिदळत होतो.

प्रॉमच्या दुसऱ्या दिवशी पाहते तर बाईसाहेब माझ्या कपाटापुढे उभ्या. "नेक्स्ट कुठली कापायची?" बोट थेट माझ्या लग्नाच्या शालूवर.

"त्याला हात लावायचा नाही," मी म्हणाले, आणि बाकीच्या सगळ्या साड्या काढून तिच्यापुढे ढीग घातला.