सगळ्यांच्या मागे चालणारा

शाळेत मी गणित शिकवत असे, इतिहास नव्हे. त्यामुळे गडाची उंची वाढवून सांगणं मला जमत नाही आणि भुयाराबद्दल कुणी विचारलं तर ‘मला दिसलं नाही’ एवढंच उत्तर देते. तरीही निवृत्तीनंतर मी सोलापुरातून एका दिवसाच्या गडसहली काढते आणि बस भरते. आमच्याकडे डोंगर नाही, हे त्याचं मुख्य कारण असावं. लहानपणापासून भुईकोट पाहिलेल्या माणसाला कधी ना कधी चढ हवासा वाटतो, आणि तो मिळायला पश्चिमेला माणदेशापर्यंत जावं लागतं. तिकडे दोन गड एका दिवसात होतात. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. नाव छापून आलं की तिथे पहिल्यांदा फलक लागतो आणि मग त्या फलकाचं उद्घाटन होतं.

माझ्या सहलीत सत्कार नाही, माइक नाही, फेटे नाहीत. तरी प्रत्येक बसमध्ये एखादा किल्लेदाराचा वंशज निघतोच. गडावर पाणी वाहून नेणाऱ्याचा वंशज मला अजून भेटायचा आहे.

एक नियम मात्र मी कुणालाही मोडू देत नाही. सगळ्यांच्या मागे एक माणूस चालतो. त्याच्या गळ्यात शिट्टी असते आणि पाठीवर औषधांची पिशवी. त्याच्या मागे कुणीही राहता कामा नये, आणि रात्री सोलापुरात परत येऊन सात रस्ता चौकात शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत त्याचं काम संपत नाही. पुढे चालायला अर्धी बस तयार असते. मागे चालायला माणूस मिळत नाही, कारण मागच्याचा फोटो कुणी काढत नाही. माझे धाकटे दीर हे काम बिनतक्रार करायचे. पण गेल्या हिवाळ्यातल्या एका सहलीच्या आदल्या दिवशीच त्यांना ताप भरला.

त्या पहाटे सात रस्त्यावर बस उभी होती. पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ मला बाजूला घेऊन गेले. सांगोल्याकडचे शेतकरी. मुलगी इथेच एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, तिला घेऊन आले होते.

“बाई, एक सांगायचं हुतं,” ते म्हणाले. “वेळापूरला तिघं जण चढणार हायती. ती मुलाकडची हायती. पोरीला बगायला.”

“सहलीत?”

“घरी कार्यक्रम करू देत न्हाय की ती. दोन ठिकाणं तशीच घालवली. म्हणलं, हितं मोकळ्या हवेत बगू द्या. तुमी फकस्त दोगांच्या शिटा शेजारी करा.”

“सीट ज्याची त्यानं निवडायची,” मी म्हणाले. ‘बरं बरं’ म्हणून ते बसमध्ये चढले आणि शेजारची सीट पिशवी ठेवून अडवून बसले. मुलगी त्या पिशवीकडे बघत पुढे आली आणि माझ्याशेजारी बसली.

पंढरपूर मागे पडलं तेव्हा ती बोलू लागली.

“बाई, आबांनी तुम्हाला सांगितलं ना?”

“सांगितलं.”

“पुढचं नसेल सांगितलं. आज सहल संपायच्या आत मी हो किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटलं तर नोकरी सोडून गावी यायचं, आणि मग चौथं स्थळ ते ठरवणार. मला विचारणार नाहीत.”

“मुलगा कसा आहे?”

“फोटोत बरा आहे. अकलूजला डेअरीत नोकरी आहे. फोनवर मी काही विचारलं की पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर येतं. आवाज त्याचा असतो, उत्तर त्याच्या आईचं.”

“मग आज बघायचं काय आहे?”

“आई समोर असताना तो स्वतःचं काही ठरवतो का, तेवढंच.” तिची नजर माझ्या मांडीवरच्या शिट्टीवर गेली. “आज मागे कोण चालणार?”

“ठरलेलं नाही.”

“त्याला ठेवा की.”

मला ही मुलगी आवडली. परीक्षा कशाची घ्यायची हे तिनं आधी ठरवलं होतं. मी कित्येक वर्षं पेपर काढले, पण सगळेच पेपर इतके नेमके निघाले नाहीत.

वेळापूरला नाश्त्याला थांबलो. मुलाची आई जरीकाठाची साडी आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आली होती. बरोबर तिचा भाऊ, म्हणजे मुलाचे मामा. ते गाडी तिथेच लावून आमच्यात चढणार होते. मामांच्या हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यातून भगव्या फेट्याचं टोक बाहेर डोकावत होतं. मुलगा उंच, शांत, आईच्या अर्धं पाऊल मागे. योगायोग असा, की माझ्या सहलीत नाश्ता पोह्यांचाच असतो. पातेलं उघडलं तशी आई उजळली.

“पोरी, वाढ की सगळ्यांना!”

“इथं ज्याचं त्यानं घ्यायचं असतं,” मी म्हणाले.

“असं कसं बाई? पोह्याला पोरीचा हात लागला पाहिजे.”

मुलगी शांतपणे म्हणाली, “लागला असता, पण मी केलेले नाहीत.” आणि आपली बशी घेऊन बाजूला गेली. मामा हसले, आईने बघितलं तसे थांबले.

बस निघायच्या आत मी मुलाला शिट्टी दिली आणि नियम सांगितला. त्यानं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “मागं कशाला? आमच्याकडं पुढं चालायची रीत आहे. आमचे पूर्वज त्या गडाचे किल्लेदार होते.”

“मग यांना गडावर रस्ता दाखवायची गरज नाही,” मी म्हणाले. “मागेच बरे.”

शिट्टी त्याच्या गळ्यात पडली.

पहिला गड छोटा आहे. पायवाट, थोडं घसाऱ्याचं वळण आणि मग दरवाजा. आमच्यात सर्वांत सावकाश चालत होते ते सोलापूरच्या पूर्व भागातले, तेलुगू विणकरांच्या वस्तीतले एक काका. चादरींचं दुकान स्वतःच्या मुलाच्या हाती देऊन पहिल्यांदाच डोंगर चढायला आलेले, अंगानं भरपूर. दर वळणावर थांबून ते भोवतीचा परिसर न्याहाळत. दम लागलेल्या माणसाला निसर्ग फार आवडतो. मुलगा त्यांच्यामागे दोन पावलांवर होता, आणि मी वरून पाहत होते.

दरवाजाशी पोचल्यावर आईने खाली हाक दिली. “अरे, ये की वर! फोटो काढायचाय!”

मुलगा थांबला. काकांकडे बघितलं, वर बघितलं. मग काकांना वळसा घालून भराभरा वर आला. मामांनी त्याच्या डोक्यावर फेटा ठेवला. मी ‘फेटा नाही’ म्हणेपर्यंत फोटो निघालाही होता. काका बऱ्याच वेळानं एकटेच वर पोचले, दरवाजाच्या उंबऱ्यावर बसले आणि तेलुगूत स्वतःशीच काहीतरी म्हणाले. ते कौतुक नसावं.

मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “कळलं, बाई.”

मी त्या मुलासाठी रदबदली केली नाही. त्याला मात्र बाजूला घेऊन विचारलं, “तुमच्या मागे कोण होतं?”

“काका.”

“आणि मागे कुणीच नसायला हवं होतं. शिट्टी द्या, दुसऱ्या गडावर मी दुसरं कुणी बघते.”

त्यानं शिट्टी मुठीत धरली, दिली नाही. “दुसऱ्या गडावरही मीच राहतो, बाई.” मग तो काकांकडे गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण जेवताना काकांनी त्याला आपल्या डब्यातली शेंगाचटणी दिली, आणि काका चटणी सहजासहजी कुणाला देणाऱ्यांतले वाटत नव्हते.

दुसरा गड खरा गड आहे. शेवटच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या, एका बाजूला उघड्या. उन्हं कलली होती. मी, मुलगी, तिचे वडील, मुलाची आई आणि मामा दरवाजापाशी पोचलो. खाली पायऱ्यांच्या मध्यावर काका कातळाला पाठ लावून बसले होते आणि त्यांच्या खालच्या पायरीवर, उघड्या बाजूला, तो मुलगा उभा होता.

मामांनी कमानीखाली जागा हेरून ठेवली. आईनं मुलीचा पदर, म्हणजे ओढणी, स्वतःच्या हातानं सारखी केली. मुलीनं ती परत होती तशी करून घेतली.

“ये की रे! ऊन चाललंय!” आईची हाक.

“काका आले की येतो,” खालून उत्तर आलं.

“त्यांना बसू दे की निवांत. तू ये पटकन, फोटो झाला की परत जा!”

“नाही, आई.”

आईला वाटलं ऐकू गेलं नसेल. ती चार पायऱ्या उतरली. “सगळे वाट बघत्यात. पोरीकडची माणसं काय म्हणतील?”

“काही का म्हणेनात,” मुलगा म्हणाला. आवाज चढला नव्हता. “यांच्या पुढं मला जाता येत नाही. फोटो राहिला तर राहू दे. आणि तू खाली येऊ नकोस, उघड्या बाजूला पाय घसरेल.”

आई त्याच पायरीवर थांबली. हातातलं काही अचानक कुणी काढून घ्यावं तसे तिचे हात रिकामे दिसत होते. मामांनी फेटा पिशवीत घातला. ते तेवढे शहाणे निघाले.

मुलगी माझ्या बाजूनं पायऱ्या उतरू लागली. मीही तिच्यामागे गेले. पायऱ्या निसरड्या होत्या आणि मला, खरं सांगायचं तर, ऐकायचं होतं. ती काकांच्या वरच्या पायरीवर बसली, त्यांना पाण्याची बाटली दिली आणि मुलाला विचारलं,

“पहिल्या गडावर का सोडून आलात?”

“आईनं हाक मारली.”

“मग आत्ता?”

“आत्ताही मारली की.”

काका दोघांच्या मध्ये. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि नम्रपणे विचारलं, “आता मी उठू का? का आणखी थोडा दम लागू दे?”

मुलगी हसली. दिवसभरात पहिल्यांदा. काका उठले, एकेक पायरी चढत वर पोचले. कमानीखाली फोटो निघाला तो काकांचा, एकट्यांचा, आणि त्यांनी तो लगेच दुकानाच्या ग्रुपवर टाकला.

परतीच्या वाटेवर बसमध्ये मुलीचे वडील दोनदा माझ्यापाशी येऊन गेले. “काय म्हणली का पोरगी?”

“तिलाच विचारा.”

“ती म्हणती, अजून सहल संपली न्हाय.”

वेळापूर आलं. आई उतरली, मामा उतरले, गाडीचं दार उघडलं. मुलगा बसच्या दारात उभा राहून म्हणाला, “आई, तुम्ही व्हा पुढं. मी सोलापूरला जाऊन येतो.”

“सोलापूरला? आत्ता? कशाला रे?”

“माझं काम सात रस्त्याला संपतंय. बाईंचा नियम आहे.”

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत बड्या पालकांच्या मुलांना मी गणितात नापास केलं होतं ते दिवस आठवले. मी मान डोलावली. नियम माझाच होता. तो इतका अक्षरशः आजवर कुणी पाळला नव्हता एवढंच. नियमावरची निष्ठा किती आणि सोलापूरपर्यंतच्या प्रवासाची ओढ किती, हे गणित मी सोडवायला घेतलं नाही.

मुलीच्या वडिलांनी सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मुलगा मात्र तिथे बसला नाही. तो शेवटच्या सीटवर जाऊन बसला, जिथून सगळी बस दिसते.

सात रस्त्यावर माणसं उतरत गेली. काका उतरले, तिचे वडील उतरले. मुलगी बसून राहिली. मी दाराशी होते.

“उतरा तुम्ही,” ती मागे वळून म्हणाली.

“तुम्ही उतरल्याशिवाय मला उतरता येत नाही,” तो म्हणाला.

तिनं आणखी थोडा वेळ त्याला तसंच बसवून ठेवलं. मग उठली, खाली उतरली आणि फुटपाथवर ताटकळलेल्या वडिलांना म्हणाली, “आबा, हो.”

“मग कळवू का त्येंच्या आईला?”

“नको. त्यांना मी फोन करते.”

वडील माझ्याकडे बघू लागले. “असं चालतंय का वो, बाई?”

“चालतंय की,” मी म्हणाले.

मुलगा खाली उतरला, अकलूजची एसटी कुठून मिळेल ते विचारू लागला. ती त्याला सांगत सांगत स्टँडच्या बाजूला चालू लागली, आणि वडील दोघांच्या मागे. या गडबडीत शिट्टी त्याच्या गळ्यातच राहिली. मी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी नवी घेतली, आणि बऱ्या झालेल्या दिरांना सांगितलं, की तुमच्या कामाला आता चांगलं वजन आलंय.