दिवा लागला तेव्हा गाडी कोण चालवत होतं?

माझ्या थोरल्या बहिणीवर, सुनंदाताईवर, गेल्या दिवाळीच्या पाडव्याला भर दुपारी कोंडाईबारी घाटात अन्याय झाला. साक्षीदार चार, चौघेही तिच्याच गाडीत बसलेले, चौघेही सासरचे. सुरतेहून साक्रीला गावी जाताना ताई चालवत होती; ऐन चढावर गाडीच्या डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला, इंजिनातला जोर गेला आणि मागच्या ट्रकांनी हॉर्नचा गजर केला. गाडी कडेला लागायच्या आत निकालही लागला: बाईने गाडी बिघडवली. त्या दिवसापासून चावी धाकट्या दिराच्या, चेतनच्या, खिशात.

म्हणून आखाजीला (अक्षय्य तृतीयेला, खान्देशात या सणाला लेकी माहेरी येतात) ताईला आणायला मी धुळ्याहून सुरतेची एसटी धरली. लेकीला आणायला जाणाऱ्याला मुऱ्हाळी म्हणतात आणि तो भाऊ असावा लागतो. आम्हाला भाऊ नाही, त्यामुळे ही जबाबदारी इतके दिवस कोणीच घेतलेली नव्हती. ताईने फोनवर बजावलं होतं, "येईन तर गाडी चालवत येईन. नाहीतर तू एकटीच परत जा."

बस घाट उतरली. अन्यायाची जागा मी खिडकीतून नीट पाहून घेतली. एक बंद टपरी, दोन माकडं. नवापूर मागे पडलं, मग व्यारा, मग बारडोलीचा ऊस.

शेजारच्या काकांनी विचारलं, "सुरतला कोणाकडे?"

"बहिणीकडे. तिच्या गाडीचा बिघाड बघायचाय."

"मग दाजींना सांगायचं ना."

"दाजींना गाडी येत नाही."

काका लगेच झोपले.

सुरतेच्या पांडेसऱ्यात उतरलं की आधी नाकाला कळतं. रंगाच्या मिलांची वाफ, ओल्या कापडाचा वास आणि त्यातच कुठेतरी फोडणीचा. दुकानांच्या पाट्यांवर अमळनेर, शिरपूर, दोंडाईचा. सगळा खान्देश इथे भाड्याने राहतो. दाजी मिलमध्ये पाळीवर गेले होते. दारात ताईच्या सासूबाई होत्या.

"मुऱ्हाळी म्हनीसन पोरगीच धाडी का तुनी मायनी?" (मुऱ्हाळी म्हणून मुलगीच पाठवली का तुझ्या आईने?)

"मुलगाच पाठवणार होती, मावशी. स्टॉकमध्ये नव्हता."

त्या हसल्या नाहीत, पण ताटात दुसरी पोळी वाढली.

रविवारी सकाळी लोचो खाल्ला. (वाफवलेल्या डाळीचा हा पदार्थ, वर तेल, शेव, मसाला. नावाचा अर्थ म्हणे घोटाळा. आमच्या कामाला शुभशकुनच.) मग ताई, सासूबाई, चेतन आणि मी प्रकाशमामांच्या गॅरेजवर गेलो. मामा मूळचे पारोळ्याचे, गाड्यांचे इलेक्ट्रिशियन आणि स्वतःचे सर्वात मोठे चाहते.

"सुरतेत हे काम दोघांनाच येतं," ते म्हणाले. "दुसरा वापीला गेला."

त्यांनी स्टिअरिंगखाली एक छोटा डबा खोचला आणि मोबाइलवर पुसूनही नोंदीत उरलेला, दिवाळीतल्या बिघाडाचा कोड वाचला: बूस्ट सेन्सर, दाब मर्यादेबाहेर. मला कळलं तसं सांगते. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. तो दाब किती, हे बूस्ट सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. आकडा भलताच आला की कॉम्प्युटर घाबरून इंजिनाचा जोर काढून घेतो आणि दिवा लावतो.

"सेन्सर दिवाळीनंतरच नवा टाकलाय," चेतन म्हणाला. "कोड पुसला तेव्हापासून मी रोज चालवतो. काही होत नाही. वहिनी पाय दाबते जोरात."

"घाटात पाय दाबू नको तर काय आरती करू?" ताई म्हणाली.

मामांनी इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली. अशा वेळी सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. बरोबर तेवढाच दाखवला. वायर हलवून पाहिल्या, पाइप चाचपले. सगळं धडधाकट.

"सेन्सर खरं बोलतोय," मामा म्हणाले. "गाडीला काही केलंय का?"

"काही नाही," चेतन म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे दिवाळीच्या आधी फक्त थोडं सॉफ्टवेअर. पिकअपसाठी."

फक्त. थोडं. मोर्च्यांची पत्रकं लिहून लिहून मला या दोन शब्दांचा वास लांबून येतो. पर्वत पाटिया भागातल्या एका दुकानात त्याने गाडी ट्यून करून आणली होती आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. बिघडवायला बाई होतीच.

मामा म्हणाले, "दिवाळीत गाडीत किती माणसं होती?"

"पाच. आणि डिकी भरलेली," ताई म्हणाली. "हा रोज एकटा फिरतो, तेही ट्रॅफिकमध्ये."

मग तशीच गाडी भरायची ठरली. माहेरच्या आहेराच्या साड्या आणि नात्यातल्यांनी मागवलेले कापडाचे गठ्ठे डिकीत कोंबले. मागे सासूबाई, ताई आणि मी. पुढे मामा मोबाइल धरून. चाकावर चेतन, कारण मी म्हटलं, "पाय तुझाच असू दे. हळवा आहे."

इच्छापोरकडच्या रस्त्यावर रविवारी ट्रक कमी असतात. उड्डाणपुलाचा चढ लागला. गाडी रेंगाळली तसा चेतनने पाय दाबला. मोबाइलवरचा आकडा भराभर चढला आणि एका जागी खिळला. पाय अजून दाबलेला, पण आकडा तिळभर हलेना.

"हे बघा," मामा ओरडले. "सेन्सरची मोजायची हद्द संपली! ट्यूनिंगवाल्याने दाब त्याच्यापलीकडे नेलाय!"

पिवळा दिवा लागला. जोर गेला. भाजीची रिक्षा आमच्या शेजारून निघून गेली, आणि तिच्यातल्या आजीने आमच्याकडे काळजीने पाहिलं.

मग मागून सासूबाई म्हणाल्या, "काय रे चेतन, तू बी बाईमानूस व्हयना का?" (तूही बाई झालास का?)

मामा इतके हसले की मोबाइल पायाखाली पडला. पूल उतरून गाडी कडेला घेतली, तेव्हा सासूबाईंनी हात पुढे केला. "चावी आन." चेतनने दिली. त्यांनी ती ताईच्या मांडीवर टाकली आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. माफीबिफी काही नाही. पण जागा बदलली.

लंगडणारी गाडी ताईने सावकाश पर्वत पाटियाला नेली. दुकानदार तरुण होता, गॉगल कपाळावर.

"बेन, सेन्सर वीक छे (सेन्सर कमजोर आहे)," तो म्हणाला. "टेन्शन ना लो. कोडच बंद करून देतो. दिवा पुन्हा लागणारच नाही."

मी तोंड उघडणार होते. मोठं भाषण तयार होतं. ताईने मला कोपराने ढोसलं.

"दिवा नको बंद करूस, भाऊ," ती त्याला म्हणाली. "दाब कमी कर. गाडी आली तशी करून दे."

"पिकअप जशे (पिकअप जाईल)."

"जाऊ दे. मला घाट चढायचाय, विमान नाही उडवायचं."

कुरकुरत त्याने मूळ सॉफ्टवेअर परत चढवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो. मामांचा डबा उसना घेतला होता. कोंडाईबारीचा चढ सुरू झाला, ताईने पाय दाबला आणि मी मोबाइलकडे बघत राहिले. आकडा चढला, हद्दीच्या अलीकडे थांबला, वळणावर उतरला, पुन्हा चढला. दिवा विझलेलाच. बंद टपरीपाशी मागून हॉर्न वाजला. ट्रकच होता. ताईने आरशात बघितलं, गिअर बदलला आणि त्याला मागे टाकलं. वरच्या वळणावर तिने काच खाली केली. मग म्हणाली, "आखाजीचा झोका बांधला का गं आईने?"

धुळ्याला आई अंगणात उभी होती. तिने आधी चाकावर कोण आहे ते पाहिलं, मग आमरसाकडे वळली.

गोष्ट इथे गोड होत नाही. चेतन अजून पांडेसऱ्यात सांगत फिरतो की सेन्सर खराब निघाला. एका सेन्सरने खरं सांगितलं म्हणून त्याला काढून टाकलं, दुसऱ्यानेही खरंच सांगितलं म्हणून त्याचा दिवा विझवायला निघाले, आणि मधल्या काळात सहा महिने एक बाई स्वतःच्याच घरात मागच्या सीटवर बसली. दिवा लागल्यावर पहिला प्रश्न आपण एकच विचारतो: चालवत कोण होतं? गाडीत आधी काय बदललं होतं आणि कोणी, हे विचारायला आपल्याला उड्डाणपूल लागतो.

तुम्हीही असा निकाल कधीतरी दिलेला आहे. नाही म्हणू नका, गाडीत तुम्हीही होतात. तर माझी मागणी ऐका. ज्यांच्यासमोर घरातल्या बाईला नावं ठेवलीत, त्याच लोकांसमोर ते शब्द परत घ्या. स्वयंपाकघरात, एकटीला गाठून नव्हे. आणि घरातली चावी ज्याच्या खिशात असेल त्याच्याकडून आज मागून घ्या, आणि तिच्या हातात द्या.

उठा.