एकाचा नऊ झाला तेव्हा

बातमी आली तेव्हा मी श्रावणभाऊंवरच चिडलेलो होतो. तापामुळे ते आठवडाभर आंजीला घरी होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. कपाशीच्या संशोधनाचं आमचं छोटंसं केंद्र, वर्षानुवर्षांच्या नोंदी त्या एका कपाटात, कुलूप उघडल्याशिवाय माझं काम अडलेलं. किल्ली घेऊन आजारी पडतात म्हणजे काय, असं पुटपुटत असतानाच त्यांचे धाकटे भाऊ सायकलवरून आले, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दादा गेले सकाळी. हे आधी देऊन येजो म्हणत होते कालपासून..." सहा आठवडे होत आले, पण त्या चिडचिडीची मला अजून लाज वाटते.

श्रावणभाऊंचं सरकारी पद होतं 'कॉम्प्युटर'. हल्ली वर्तमानपत्रांत हा शब्द यंत्रासाठी येऊ लागला आहे, पण आमचा कॉम्प्युटर धोतर नेसायचा आणि दुपारी भाकरीबरोबर कच्चा कांदा खायचा. कोणत्या वाणाच्या झाडावर किती बोंडं, त्यांतली किती किडलेली, धागा किती लांब, हे आम्ही शेतात मोजायचं आणि भाऊंनी हँडल फिरवायच्या यंत्रावर त्याच्या बेरजा, सरासऱ्या काढायच्या. संक्रांतीला बसले की पुढचे सहा महिने घर्रर्र, घर्रर्र. अहवाल हाती यायचा तेव्हा गावोगाव पेरण्या उरकलेल्या असायच्या. याचं दुःख केंद्राच्या साहेबांपेक्षा भाऊंनाच जास्त होतं. "लग्न लागल्यावर पत्रिका वाटून राह्यलो आपण," असं म्हणायचे आणि पुन्हा हँडल धरायचे.

भाऊ नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी कलकत्त्याच्या एका संख्याशास्त्र संस्थेचं पत्र आलं, तुमचे आकडे आमच्याकडे पाठवा म्हणून. तिथे जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडून आकडे टिपत, आणि यंत्र ती भोकं वाचून बेरजा करी. साहेबांनी शेतातले तक्ते जसेच्या तसे पाठवून दिले, भाऊंच्या हातून गेलेच नाहीत. तीन आठवड्यांत अहवाल हजर. पण साहेबांनी पानं चाळली आणि त्यांचा चेहरा उतरला. चौदा नंबरचं वाण, ज्याला सगळ्यांत कमी कीड लागते हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं, ते किडीत पहिलं आलं होतं. "बंद करा हा पोरखेळ," साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून पुन्हा हातानेच." खरं सांगतो, मला आनंद झाला. यंत्र आलं असतं तर भाऊंची जागा गेली असती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे पाहून हळूच डोळा मिचकावला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझे शेतातले तक्ते परत मागवून घेतले आणि दोन दिवस त्यांवर वाकून बसले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून एका आकड्यावर बोट ठेवलं. "इनायका, हा काय आहे?" मी म्हटलं, एक. "बंगाल्याले विचार." स्वराज्य आल्यापासून मी हट्टाने मराठीतच आकडे लिहीत होतो, तेही घाईत, बांधावर उभा राहून. माझा १ परक्या माणसाला इंग्रजी 9 दिसत होता आणि ४ हा 8. ज्या वाणाला कीड कमी, त्याच्या रकान्यात एक आणि चारच जास्त, म्हणून सगळ्यांत निरोगी वाण सगळ्यांत किडकं ठरलं होतं. तुम्हाला हे दिसलं कसं, असं विचारलं तर सहज म्हणाले, "लहानपणी शाळेत दाराबाहेर बसवत मले. फळा दूर. कोणता आकडा कोणासारखा दिसते, हे मले पाठ आहे." 

मी म्हटलं, "भाऊ, आपल्यातच ठेवा. यंत्र चुकलं म्हणू दे साहेबांना." मला वाटलं, निदान घरचा विचार करून तरी ते ऐकतील. ते उठले आणि थेट साहेबांच्या खोलीत गेले, मी मागोमाग. "साहेब, यंत्रानं काई बिघडवलं नाई. आपणच त्याले नऊ दिला अन् एक मागून राह्यलो."

साहेबांनी कलकत्त्याचा अहवाल पुन्हा उघडून चौदा नंबरचं पान पाहिलं. मग म्हणाले, "श्रावणराव, हे चालू ठेवलं तर तुमची जागा राहणार नाही, कळतंय ना?"

"कळते, साहेब. पण पेरायच्या आधी शेतकऱ्याले सांगाले पाह्यजे का कोणतं बी घ्याचं. ते माह्यानं होत नाई. त्याच्यानं होते."

जागा गेलीच. तीन महिने भाऊ घरी बसले. मी आंजीला गेलो की वहिनी मला विचारायच्या, "काऊन बोलले हे? गप राह्यले असते तं कोणी विचारत होतं का?" चूक माझी होती आणि घरी ते बसले होते. शेवटी साहेबांनीच नागपूरला खेटे घालून कलकत्त्याला पाठवण्याआधी नोंदी तपासायचं नवं पद मिळवलं आणि भाऊ परत आले. पुढच्या उन्हाळ्यात अहवाल मृगाच्या आधी छापून आला. रोहण्याला, आमच्या गावी, माझ्या वडिलांनी चौदा नंबर पेरला. वडील कोणाचं ऐकणारे नव्हेत, पण त्या वर्षी बोंडं उकलल्यावर त्यांनी मला शेताच्या कडेकडेने हिंडवलं, आणि मी भाऊंना ते सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसत तीनदा विचारलं, "खरंच पेरला का?"

गेल्या सोमवारी वर्ध्याच्या छापखान्यातून नव्या तक्त्यांचे गठ्ठे आले. आजारी पडण्याआधी भाऊच नमुना देऊन आले होते, आम्हाला पत्ताही नव्हता. प्रत्येक पानाच्या माथ्यावर, त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षराचा ठसा करून, शून्यापासून नऊपर्यंतचे दहा इंग्रजी आकडे. नाव नाही, सूचना नाही. मी एक पान घेऊन शेतात गेलो. चौदा नंबर, पहिलं झाड, किडकं बोंड एक. मी पेन उघडलं, माथ्यावरचा एक नीट पाहिला, आणि खाली तसाच काढला.