उपरण्याखालची बोटं

"हा अल्झायमर्स आहे, ताई," नगरचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझे आबा डॉक्टरांच्याच हातावर उपरणं टाकून बसले होते.

झालं असं. हातातली ताकद बघायला डॉक्टर म्हणाले, "आबा, माझी बोटं दाबा." आबांनी जन्मभर बैलबाजारात दलाली केलेली. तिथं भाव तोंडानं सांगत नाहीत. हातावर कापड टाकायचं आणि खाली बोटं दाबायची, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. आबांना वाटलं, सौदा आला! डॉक्टर पार गोंधळले. मला हसू आवरेना.

सुरुवात बेलापूरच्या घरी झाली होती. आधी शब्द हरवले, मग घरचा रस्ता, मग माझं नाव. मी त्यांची एकुलती लेक, श्रीरामपुरात शिवणकाम करते. मला एकच धास्ती होती, आबांशी बोलणं आता संपणार का?

निदानाआधी एमआरआय झाला, म्हणजे मेंदूचे फोटो. रक्त तपासलं. बाकावर बसून कंबर धरली, पण माझे प्रश्न थांबेनात. डॉक्टरांनी लिहून दिलेली ही गोळी आत जाऊन करते तरी काय?

डॉक्टर माणूस भला. म्हणाले, मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. निरोप रिसेप्टरला, म्हणजे पेशीच्या निरोप घेणाऱ्या जागेला, भिडतो आणि पेशीच्या आत एका रेणूकडून दुसऱ्याकडे पोचत जातो. ही वाट म्हणजे सिग्नलिंग पाथवे. या आजारात काही वाटा मंदावतात, काही उगाच भडकतात. "नेमकी कोणती वाट औषधानं सुधारायची, यावर शोध चाललाय. आत्ताची गोळी निरोप जरा जास्त वेळ टिकवते. आजार थांबवत नाही."

"अगंबाई, म्हणजे आतही उपरण्याखालचाच व्यवहार!"

डॉक्टर हसले. "तसंच समजा. आम्हाला आता कुठं बोटं कळायला लागलीत."

तुमच्या घरी हे दुखणं आलं तर बिनधास्त विचारा. विचारलं म्हणून कुणी खात नाही.

परवा आबा जेवेनात. "न्हाई, न्हाई," एवढंच. समजावून समजावून मी रडकुंडीला आले. मग आठवलं, लहानपणी खाऊसाठी ते माझ्याशी असाच सौदा करायचे. उपरणं त्यांच्या हातावर टाकलं आणि खाली एक बोट दाबलं. एक घास.

आबांनी हात ओढला नाही. माझ्या बोटाचं अर्धंच पेर दाबलं. अर्धा घास!

"लई ताणताय आबा," मी म्हणाले.

ते गालात हसले. "दलालाची लेक हाय तू," म्हणाले, आणि तोंड उघडलं.