परक्यांसमोर

लंडनमधल्या हाउन्सलोला, ओळीतल्या एका टेरेस्ड घरात राहणारे ज्ञानेश्वर साठे विमानांना जेवण पुरवणाऱ्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते. पगारातून सरकारचा नॅशनल इन्शुरन्स कापला जाई. त्याबद्दल त्यांच्या पत्नी लीलावती कधी कुरकुरल्या, तर ते समजावत, "अगं, नावातच इन्शुरन्स आहे. हातपाय थकले की हेच लोक बघतील आपल्याकडे."

रिटायर झाल्यावर पेन्शन सुरू झाली. पुढे पार्किन्सन्स झाला, तेव्हा हॉस्पिटलनेही पैसे मागितले नाहीत. पण माणसाला अंघोळ घालणं, कपडे चढवणं, खुर्चीतून उठवणं हे काही त्या इन्शुरन्समध्ये नव्हतं. त्यासाठी कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, अर्ज करायचा, कौन्सिल घरी येऊन बघणार आणि मग ठरवणार. ज्ञानेश्वरांना हे पटेचना. आयुष्यभर भरलं ते मग कशासाठी, असं ते पुन्हा पुन्हा विचारत.

शेवटी बेसिंगस्टोकला राहणाऱ्या मुलीने, ऋजुताने, फोन करून कौन्सिलची बाई बोलावली. घरी माणूस येणार म्हणून लीलावतीबाईंनी नवऱ्याची दाढी केली, त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला, पोहे केले. पार्किन्सन्सच्या गोळीचा असर त्या वेळी चांगला होता. ज्ञानेश्वर ताठ बसले आणि प्रत्येक प्रश्नाला हसून एकच उत्तर देत राहिले, "माझं मी करतो." लीलावतीबाईंनी पोह्यांची बशी पुढे केली. परक्या बाईसमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? तिला दिसेलच की, असं त्यांना वाटलं. बाईने पोहे दोनदा घेतले, निघताना मिठी मारली. नंतर तिचा फोन आला, की तुम्ही दोघं इतकं छान सांभाळताय, सध्या मदतीची गरज दिसत नाही.

लीलावतीबाई फोन ठेवून तिथेच बसल्या. त्या बाईचा राग आला, पण नवऱ्याचा जास्त आला.

"खरं का नाही सांगितलंत?"

"परक्यांसमोर काय काय सांगायचं?"

"आणि तुमचं करता करता मी मेले तरी चालेल?"



थंडीत त्यांना उचलताना लीलावतीबाईंची पाठ धरली. मग मात्र त्यांनी स्वतः कौन्सिलला फोन करून पुन्हा घरी येऊन असेसमेंट करायला सांगितलं आणि वेळ मुद्दाम दुपारच्या गोळीआधीची घेतली, जेव्हा ज्ञानेश्वरांचं अंग लाकडासारखं होई. त्या दिवशी दाढी केली नाही, पोहे केले नाहीत.

या वेळी कौन्सिलचा एक तरुण आला. ज्ञानेश्वरांनी पुन्हा तेच सांगितलं. त्याने नम्रपणे विचारलं, जरा उठून दाखवता का? ज्ञानेश्वरांनी खुर्चीचे हात धरले, अर्धे उठले आणि रोजच्या सवयीने बायकोकडे पाहिलं. लीलावतीबाई जागच्या हलल्या नाहीत. ते धपकन मागे बसले. पँट ओली झाली. तो तरुण धावला, आणि त्याच्या आधाराने उभे राहताना ज्ञानेश्वर खाली मान घालून रडले.

मदत मंजूर झाली. तो तरुण गेल्यावर लीलावतीबाई गोळी घेऊन आल्या.

"ही वेळ तू मागितलीस?" ज्ञानेश्वरांनी विचारलं.

"हो."

त्यांनी गोळी घेतली आणि तोंड फिरवलं.

आता सकाळ-संध्याकाळ त्यांच्या अंघोळ-कपड्यांसाठी क्वामे नावाचा एक घानाचा माणूस येतो. ज्ञानेश्वर त्याच्याशी भरभरून बोलतात, कारखान्यातल्या गमती सांगतात. लीलावतीबाईंशी चहा, औषध, खिडकी लाव, एवढंच. त्यांची पाठ बरी आहे, झोपही लागते. ऋजुता फोनवर म्हणते, "आई, तू दुसरं काय करणार होतीस?"

लीलावतीबाईंना ते कळतं. तरी बाथरूममधून नवऱ्याचं हसू ऐकू आलं, की त्या स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात.